ओढून पाहावे, मगच निघावे

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही अमेरिकेला जाऊन आलो असे सांगितले, की लोक विचारतात, "न्यूयॉर्क पाहिले का?" नाही पाहिले. नायगारा? तोही नाही. मग महिनाभर केले काय? तर आम्ही एक अख्खे घर ट्रकच्या पाठीवर अडकवले आणि टेक्सासमधून न्यू मेक्सिकोच्या डोंगरांपर्यंत ओढत नेले. त्या प्रवासात एका सकाळी आमच्या तोंडून एक छोटासा 'हो' निघाला. त्या 'हो'ची गोष्ट वाचक बंधू-भगिनींना सांगावी म्हणून हा लेख.

आम्ही म्हणजे अम्मी, आम्ही दोघे आणि आमची सातवीतली मुलगी. धाकटा भाऊ चौदा वर्षांपासून डॅलसजवळ राहतो. एअर कंडिशनर बसवण्याचा त्याचा छोटासा धंदा आहे. मोठमोठी यंत्रे पोचवायला त्याच्याकडे दणकट ट्रक आहे. पुढे चार दारांची केबिन, मागच्या आसाला दोन्ही बाजूंनी दोन-दोन चाके, आणि मागे हौद्याऐवजी उघडा सपाट फळा. अशा ट्रकला तिकडे 'फ्लॅटबेड' म्हणतात. दोन वर्षांपूर्वी भावाने एक जुना कॅम्पर विकत घेतला. चौतीस फूट लांब, आत दोन झोपायच्या खोल्या, ओटा, फ्रिज, संडास-बाथरूम. अम्मीने पहिल्यांदा आत पाऊल टाकले आणि सगळीकडे नजर फिरवून म्हणाली, "माशाल्लाह, घर छान आहे. पण याला अंगण कुठे?"

भाऊ हसला. "अम्मी, अंगण रोज नवीन मिळतं."

पाचवे चाक

या कॅम्परला 'फिफ्थ व्हील' म्हणतात. मुलीने आधी चाके मोजली. कॅम्परला चार होती. पाचवे काही दिसेना. हे नाव घोडागाडीच्या काळातले आहे. चारचाकी बग्गीचा पुढचा आस वळावा म्हणून आस आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये एक आडवे लोखंडी कडे बसवत. जमिनीला न टेकणारे ते पाचवे चाक. पुढे मोटारी आल्या तेव्हा मागची गाडी ट्रकला जोडणाऱ्या तबकडीला तेच नाव चिकटले. न्हावा-शेवा बंदरातून कंटेनर घेऊन निघणारे ट्रेलर आपण पाहतो. त्यांच्या पुढच्या ट्रकच्या पाठीवर ग्रीस फासलेली जी काळी तबकडी असते, तीच ही.

भावाने फळ्याच्या मधोमध बसवलेले पोलादी झाकण उचलून दाखवले. खाली खड्ड्यासारख्या जागेत जोडणीची तबकडी होती. सपाट फळा नेहमीच्या हौद्याच्या तळापेक्षा उंच असतो. तबकडी तशीच वर बसवली तर कॅम्परचे नाक आकाशाकडे जाते आणि त्याचा बोजा मागच्या चाकांवर पडतो. म्हणून फळा कापून तबकडी खाली घ्यावी लागते. उलट फायदाही आहे. हौद्याच्या कडा नसल्यामुळे रस्ता खाली-वर झाला तरी कॅम्परचे पोट बाजूंना घासत नाही, आणि फळ्याच्या खाली दोन्हीकडे हत्यारांच्या पेट्या बसतात.

कॅम्परच्या नाकाखाली दोन इंच जाडीची पोलादी खुंटी असते. तिला किंगपिन म्हणतात. ट्रक मागे घेत घेत ती खुंटी तबकडीच्या खाचेत घालायची. आत जबडा असतो, तो खुंटीला मिठी मारतो. भरलेला कॅम्पर सहा टन, त्यातले सुमारे बाराशे किलो या खुंटीवाटे थेट ट्रकच्या मागच्या आसावर बसतात. साध्या ट्रेलरचा भार ट्रकच्या शेपटीला लटकतो, म्हणून तो वाऱ्याने झोकांड्या खातो. याचा भार आसावर किंवा आसाच्या किंचित पुढे असतो, म्हणून हा त्या मानाने शांत चालतो.

निघण्याआधी भावाने सगळे धूड एका ट्रक थांब्यावरच्या वजनकाट्यावर चढवले. पुढच्या आसावर किती, मागच्या आसावर किती, कॅम्परच्या चाकांवर किती, असे तीन आकडे वेगवेगळे मिळतात. एकूण वजन ठीक असून भागत नाही. कुठल्या आसाने किती उचलायचे, याची मर्यादा ठरलेली असते. भावाने कागद वाचला आणि अम्मीने आणलेली तांदळाची गोणी व पाण्याच्या बाटल्यांची खोकी पुढून काढून कॅम्परच्या चाकांवर येतील अशी ठेवली. ते पाहून अम्मी म्हणाली, "बैलगाडी भरतानाही तुझे अब्बा हेच करायचे. जू वर उचललं जाऊ नये आणि बैलाच्या मानेवरही पडू नये."

खुंटी अडकवण्याची भावाची एक ठरलेली रीत होती. त्याने ती केबिनमध्ये कागदावर लिहून चिकटवली होती. एक, ट्रक मागे घेऊन खुंटी आत घालणे. दोन, दुसऱ्या माणसाने टॉर्च घेऊन वाकून पाहणे, की जबडा खुंटीभोवती बंद झाला आहे आणि तबकडी व कॅम्पर यांच्यात फट नाही. तीन, जबड्याच्या दांड्याला कुलूप घालणे. चार, ब्रेकची वायर आणि सुटका-तार जोडणे. कॅम्पर वाटेत सुटलाच तर ही तार ओढली जाऊन त्याचे ब्रेक आपोआप लागतात. पाच, कॅम्परचे पुढचे पाय जमिनीवर असतानाच त्याचे ब्रेक लावून ट्रक हळूच पुढे ओढून पाहणे. जबडा नीट लागला असेल तर ट्रक जागचा हलत नाही. लागला नसेल तर खुंटी निसटते, पण पाय खाली असल्यामुळे कॅम्पर पडत नाही. सहा, मग पाय वर घेणे.

यानंतर सातव्या ओळीत लिहिले होते, 'सवारीची दुआ'.

आम्ही म्हटले, "दुआ सगळ्यात शेवटी?"

तो म्हणाला, "भाई, उंट आधी बांधायचा ना?"

तिरमिजी शरीफमधली ती हदीस वाचकांना माहीत असेल. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून, असे एकाने विचारले, तेव्हा रसूलुल्लाह (स.) यांनी आधी बांध आणि मग भरवसा ठेव, असे सांगितले. ही हदीस आम्ही शाळेत कित्येकदा मुलांना सांगितली आहे. सहा टनांचा उंट मात्र पहिल्यांदाच पाहत होतो.

सफर की घर?

डॅलस ते अमरिलो हे अंतर सुमारे 585 किलोमीटर आहे. ट्रकमध्ये भाऊ, अम्मी आणि आम्ही दोघे. मागून भाबी आपल्या गाडीत दोन्ही मुलांना घेऊन. गाडी चालू असताना कॅम्परमध्ये कोणी बसायचे नाही, हा भावाचा कडक नियम होता. वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर न्यायचा नाही, हा दुसरा. वळताना तो आधी समोर लांब जायचा आणि मग वळायचा, कारण मागचे घर नेहमी वळणाच्या आतल्या बाजूने कापत येते. काचेखाली कॅम्परची उंची लिहिलेली चिठ्ठी होती. पूल आला की आमच्याही माना आपोआप खाली जायच्या.

नमाजसाठी थांबलो की मुलीला गंमत वाटायची. आपल्याकडे कोकणात किबला पश्चिमेला, तिथे ईशान्येला. आम्ही कोकणातले शाफई, म्हणून सफरीत जुहर-असर एकत्र, दोन-दोन रकअती. पहिल्या थांब्यावर कॅम्परच्या सावलीत चटई अंथरताना अम्मीला प्रश्न पडला. "घर तर बरोबर आहे. मग आपण मुसाफिर कसे?"

आमचे मूळ घर डॅलसला नाही आणि भावाचे तिथेच आहे, म्हणून तिथून निघालेले आम्ही सगळे मुसाफिरच. पण प्रश्न जुना आहे. आमच्या खानदानात कितीतरी खलाशी होऊन गेले. बायका-मुलांसह जहाजावरच राहणाऱ्या खलाशाचा मसला फिक्हच्या जुन्या ग्रंथांत येतो. शाफई मताप्रमाणे त्यालाही कसरची सवलत आहे, पूर्ण पढणे मात्र अधिक बरे. हे ऐकून अम्मी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे घर हलायला लागलं की माणूस मुसाफिर."

हे वाक्य तिने सहज म्हटले नव्हते. त्यामागे गावचे घर होते.

दापोली तालुक्यात खाडीकाठी आमचे जांभ्या दगडाचे घर आहे. अब्बांच्या माघारी अम्मी आमच्याकडे राहायला आली आणि घराला कुलूप लागले. दर पावसाळ्याआधी कौले काढून पुन्हा लावायची, वाळवी पाहायची, परसातले रान तोडायचे, हे सगळे आमच्याकडे. शाळा, पेपर तपासणे, शनिवारी गावी जायचे आणि रविवारी परत. गेल्या वर्षी एक गिऱ्हाईक आले, तेव्हापासून घर विकून टाकावे असे आमच्या मनात होते. भावाला ते पसंत नव्हते.

अमरिलोच्या तळावर रात्री जेवणे झाली, मुले झोपली, आणि तो विषय निघालाच.

भाऊ म्हणाला, "अब्बांचं घर आहे, भाई. मी पैसे कमी पाठवले का कधी?"

आम्ही म्हणालो, "पैसे पाठवतोस. पण कौल फुटलं की छपरावर माणूस चढावा लागतो, पैसे चढत नाहीत. तुझं घर तर तू बरोबर घेऊन फिरतोस. आमच्या पाठीवर मात्र बंद घराचं ओझं."

बोलणे याच्याही पुढे गेले. अम्मी एक शब्द बोलली नाही. तस्बीह घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतले.

एक 'हो'

सकाळी फजरची नमाज झाली, पण सलाम फिरवून आम्ही दोघे भाऊ एकमेकांकडे न पाहता उठलो. टेक्सासच्या त्या उत्तरेकडच्या सपाट पट्ट्यात वारा फार. नजर जाईल तिथे पवनचक्क्या. दुपारी वारा वाढणार असा अंदाज होता. एवढ्या उंच घराला आडवा वारा लागला तर चालवणे कठीण, म्हणून भावाला लवकर निघायचे होते.

टॉर्च आमच्या हातात होता. पुतण्या नऊ वर्षांचा. चाकांमागचे रबरी ठोकळे काढून ठेवायचे काम त्याचे. तो फळ्याच्या मागच्या कडेजवळ, कॅम्परच्या नाकाखाली, ठोकळा उराशी धरून उभा होता. भावाने ट्रक मागे घेतला. खुंटी आत गेल्याचा खणकन आवाज आला. खिडकीतून त्याने विचारले, "भाई, लागला का?"

आम्ही वाकलो नाही. दांडा आत गेलेला दिसला, किंवा दिसलासा वाटला. रात्रीचा राग अजून गेला नव्हता. आम्ही म्हणालो, "हो, लागला."

एवढ्यात अम्मीने हाक मारली. पुतण्याने दूध अर्धेच टाकले होते. तो ठोकळा खाली ठेवून कुरकुरत तिच्याकडे गेला.

भावाने उतरून वायर जोडली, तार जोडली, दांड्याला कुलूप अडकवले. आणि मग घाईत त्याने कॅम्परचे पाय आधी वर घेतले. ओढून पाहण्याची पाचवी पायरी राहून गेली. तो केबिनमध्ये चढला, ट्रक हातभर पुढे गेला, आणि तोफेसारखा आवाज झाला. कॅम्परचे नाक फळ्याच्या मागच्या कडेवर येऊन आदळले होते. खुंटी जबड्यात शिरलीच नव्हती. कॅम्पर थोडा जास्त उंच राहिला होता, त्यामुळे खुंटी जबड्याच्या वर, तबकडीवर नुसती टेकली होती. वरून पाहणाऱ्याला बांधलेले दिसत होते आणि प्रत्यक्षात काहीच बांधलेले नव्हते. टॉर्च खाली धरला असता तर बोटभर फट लगेच दिसली असती.

पुतण्याचा ठोकळा जिथे होता तिथेच पडलेला. फळ्याची वाकलेली कड त्याच्या अगदी वर.

भाबी धावत आली. दारात अम्मीशेजारी उभ्या असलेल्या मुलाच्या हातात दुधाचा पेला पाहिला आणि मटकन खालीच बसली. काही क्षण कोणाला बोलता येईना. मग भावाने इंजिन बंद केले, खाली उतरला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "चूक माझी. ओढून पाहिलं नाही मी."

आम्ही गप्प राहिलो.

वाचकहो, चूक त्याचीही होती, पण आधी आमची होती. 'लागला' ही आमची गवाही होती, आणि ती न पाहता दिलेली होती. गणिताचा ताळा न करता उत्तर लिहिणाऱ्या मुलाला आम्ही उभे करतो. खोट्या साक्षीच्या गुनाहवर मुलांना धडे देतो. आपण जाणून खोटे बोललो नाही, असे मनाला समजावणे सोपे असते. पण पाहण्याची जबाबदारी घेऊन न पाहता 'हो' म्हणणे, याला दुसरे काय नाव द्यायचे?

तळावरच्या लोकांनी मदत केली. कॅम्परचे पाय पुन्हा खाली सोडून त्याला उचलले. एक मिस्त्री आला. त्याने खुंटीचे जोड, सांगाडा, पाय, सगळे तपासले. कॅम्परचा खालचा पत्रा फाटला होता आणि फळ्याची कड वाकली होती. बाकी अल्हम्दुलिल्लाह शाबूत होते. मिस्त्री म्हणाला, हौद्याचा ट्रक असता तर दोन्ही बाजूंच्या भिंती चेपल्या असत्या. अर्धा दिवस गेला. वाराही वाढला, म्हणून त्या दिवशी निघालोच नाही.

दुसऱ्या सकाळी सहाही पायऱ्या झाल्या. आम्ही जमिनीवर पालथे पडून जबडा पाहिला. ओढून पाहिले. ट्रक हलला नाही. मग दुआ. सवारी आपल्या काबूत येते ती आपल्या ताकदीने नव्हे, अशी कबुली त्या दुआत आहे. त्या दिवशी ती तोंडातून नुसती निघाली नाही, गळ्यात अडकली.

शहराबाहेर शेतात नाक खुपसून उभ्या असलेल्या दहा कॅडिलॅक गाड्या आहेत. 1974 मध्ये काही कलाकारांनी त्या तशा पुरल्या, आणि लोक त्यांच्यावर रंग फवारतात. पुतण्या म्हणाला, "आपणही काल हेच केलं ना?" सगळे हसले. भाऊही हसला. आम्हाला हसू आले नाही.

मातीची मशीद

न्यू मेक्सिकोच्या हद्दीत शिरताच घड्याळ एक तास मागे गेले. मुलीने विचारले, "मग जुहरचं काय?" जुहर सूर्याची, घड्याळाची नव्हे. सूर्य होता तिथेच होता. चढ सुरू झाला. सांता फे शहर 2,100 मीटरच्या आसपास उंचीवर आहे. त्याला वळसा घालून उत्तरेकडे उतरताना भावाने खालचा गिअर टाकला. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसायचे नाही, ब्रेक तापून निकामी होतात. इंजिननेच धूड रोखून धरायचे, आणि अधूनमधून ब्रेक दाबून सोडायचा.

आम्हाला जायचे होते अबिक्यू नावाच्या छोट्या गावाला. तिथल्या धरणाच्या तलावाकाठी कॅम्पर उभा केला. जागेला नळजोडणी नव्हती. सात माणसे आणि टाकीत सव्वादोनशे लिटर पाणी. वाहत्या नदीवरही वुजूचे पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण ऐकतो. इथे टाकीचा काटा खाली येताना दिसतो, म्हणून ती लगेच समजते. अम्मीने एका तांब्यात वुजू करून दाखवले आणि मुलांत पैज लागली.

दुसऱ्या दिवशी कॅम्पर तिथेच ठेवून आम्ही दोन गाड्यांनी 'दार अल-इस्लाम'ला गेलो. चामा नदीपलीकडच्या सपाट माथ्यावर, कच्च्या रस्त्याच्या टोकाला, ही मातीच्या विटांची मशीद आणि मदरसा आहे. आराखडा इजिप्तचे थोर वास्तुकार हसन फतही यांचा. गरिबांना परवडतील अशी मातीची घरे बांधण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, ते हेच. 1980 मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, ते नूबियाचे गवंडी घेऊन स्वतः इथे आले आणि लाकडाचा आधार न देता कमान आणि घुमट कसे उभारायचे ते त्यांनी लोकांना करून दाखवले. मूळ बेत संपूर्ण गाव वसवण्याचा होता. गाव झाले नाही. मशीद आणि मदरसा उभे राहिले.

लाकडाशिवाय कमान कशी उभी राहते? भिंतीला टेकवून विटांचा पहिला थर किंचित तिरका लावतात. दुसरा थर पहिल्यावर रेलतो, तिसरा दुसऱ्यावर. ओल्या मातीचा चिकटपणा थर पूर्ण होईपर्यंत वीट धरून ठेवतो. उर्दू शिकवणाऱ्या आम्हाला आणखी एका गोष्टीचे अप्रूप वाटले. या विटेला तिकडे 'अडोबी' म्हणतात. अरबीतला 'अत्-तूब' म्हणजे वीट. तो शब्द अंदलुसमधून स्पॅनिशमध्ये गेला आणि स्पॅनिश लोकांबरोबर इथवर आला. मशिदीच्या आधी कितीतरी शतके तिचे नाव इथे पोचले होते.

आत थंडगार होते. जुहर-असर पढून आम्ही आवारात बसलो. समोर ऊन, दूर पांढरे कडे. चित्रकार जॉर्जिया ओकीफ यांनी चितारलेली ती पांढरी जागाही याच संस्थेच्या जमिनीत आहे. भाऊ भिंतीचा गिलावा हाताने चाचपत होता. म्हणाला, "मातीची भिंत वरचेवर लिंपावी लागते. नाहीतर पाऊस तिला परत माती करतो."

आम्ही म्हणालो, "त्या दिवशी आम्ही पाहिलं नव्हतं."

त्याला कळेना. "काय?"

"जबडा. तू विचारलंस, आम्ही हो म्हणालो. वाकून पाहिलंच नव्हतं. रात्रीचा राग होता. पोर तिथे उभं होतं आणि आम्ही न पाहता हो म्हटलं."

तो बराच वेळ बोलला नाही. त्याची नजर अंगणात बहिणीबरोबर खडे वेचणाऱ्या मुलाकडे होती. चिडला असता तरी आमची तक्रार नव्हती. शेवटी म्हणाला, "दोन दिवस घेऊन फिरलास हे?"

"हो."

"मीही एक सांगू? घर विकू नका म्हणतो, पण नऊ वर्षांत मी एकदाही पावसाळ्याआधी आलो नाही. पैसे पाठवले की लागलं, असं धरून चाललो. ओढून पाहिलं नाही."

अम्मी थोड्या अंतरावर बसली होती. ऐकत होती की नाही, आम्हाला माहीत नाही. तस्बीह संपवून ती उठली आणि म्हणाली, "चला, मुलांना भूक लागली असेल."

परतीच्या वाटेवर दर सकाळी टॉर्च आमच्याच हातात होता. तो भावाने काढून घेतला नाही, हे आम्ही विसरणार नाही. रोज पालथे पडून जबडा पाहायचो, कपड्यांना ग्रीस लागायचे, आणि मगच 'लागला' म्हणायचो. तरीही तो ओढून पाहायचाच. त्यात आमच्यावर अविश्वास नव्हता. आपण बांधले म्हणून निश्चिंत होणे वेगळे आणि बांधलेले ओढून पाहून अल्लाहवर सोपवणे वेगळे. आपली नातीही अशीच असतात. फोन चालू असतो, पैसे येतात, ईदला मुबारकबाद पोचते. वरून पाहणाऱ्याला सगळे जोडलेले दिसते. खुंटी जबड्यात आहे की नुसती टेकलेली, हे ओझे ओढायची वेळ आल्यावर कळते. त्याआधीच, पाय जमिनीवर आहेत तोवर, एकदा ओढून पाहिलेले बरे.

घराचे काय ठरले, असे वाचक विचारतील. गिऱ्हाइकाला आम्ही नाही कळवले आहे, पण विषय कायमचा मिटलेला नाही. भाऊ येत्या एप्रिलच्या अखेरीस महिनाभर येणार आहे. कौले उतरवायची, वाळवी लागलेले वासे बदलायचे, सगळे दोघांनी मिळून करायचे. तो छपरावर चढणार आणि आम्ही शिडी धरणार. त्यानंतर ठेवायचे की विकायचे ते ठरवू, इन्शाअल्लाह.

अम्मीने त्याला फोनवर एवढेच सांगितले, "येताना तो टॉर्च घेऊन ये. पोटमाळ्यावर अंधार असतो."